अडखळलात तिथे खूण करा: नवख्या खेळाडूचं म्हणणं प्रकाशकापर्यंत कसं पोचतं

सांगलीत गावभागातल्या आमच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी पाच-सहा जण टेबलटॉप रोलप्लेइंग खेळायला जमतात, म्हणजे प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि फासे टाकत मिळून गोष्ट पुढे न्यायची. मधोमध सतरंजी, तिच्यावर फासे, पेन्सिली, प्रिंट काढून आणलेली कॅरेक्टर शीट्स आणि भडंगाचा डबा. दोघं वालचंदला इंजिनिअरिंग करतात, एक जण मिरजेहून येतो, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू भाच्याच्या आग्रहाने आल्या, त्या आता सगळ्यांत नियमित आहेत. याच काकूंनी दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत नियमपुस्तकातल्या एका परिच्छेदावर बोट ठेवून विचारलं, "हे वाचून मला कळत नाही की फासा मी टाकायचा की समोरच्याने. तुम्हाला कसं कळतं?" आम्ही बाकीचे गप्प झालो. आम्हाला ते पुस्तकातून कळलेलंच नव्हतं. कुणीतरी आधी शिकवलं होतं, म्हणून माहीत होतं.

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात नुकते आलेले बरेच जण विचारतात की हे नियम ठरवतं कोण, आणि सांगलीत बसून आपण काही म्हटलं तर अमेरिकेतल्या प्रकाशकाला त्याचं काय. माझं ठाम मत आहे की फरक पडतो, आणि नवख्यांच्या म्हणण्याने जास्त पडतो. जुन्या खेळाडूला पुस्तकातले खड्डे दिसत नाहीत, कारण ते त्याने मनातल्या मनात केव्हाच बुजवलेले असतात. नवख्याचा पाय बरोबर त्यात जातो. पण महिनाभरात त्यालाही वळसा घालून जायची सवय लागते. म्हणून अडखळल्याबरोबर ते टिपून ठेवायचं. कसं टिपायचं आणि कुठे पाठवायचं, ते पुढे सांगतो.

खेळाडू पहिल्यापासून अर्धे लेखक

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला छापील खेळ १९७४ मध्ये निघाला, पहिली छपाई १००० प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या त्या तीन पुस्तिकांत लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू एवढेच पात्रप्रकार होते. कुलपं उघडणारा, सापळे निकामी करणारा चोर त्यात नव्हता. तो लॉस एंजेलिसकडच्या खेळाडूंनी आपल्या टेबलासाठी तयार केला, त्याची बातमी फोनवरून गायगॅक्सपर्यंत गेली आणि १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत चोर छापून आला. त्याच वर्षी ली गोल्ड यांनी खेळाडूंनी एकमेकांसाठी लिहायचं 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं, ते पुढे कित्येक दशकं चाललं.

सांगलीकराला हे नवीन वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे नाटक उभं केलं, आणि पुढे संगीत नाटकाच्या काळात 'वन्समोअर' आला की गायक नट तेच पद पुन्हा घेई. प्रयोग किती वाजता संपणार, ते समोर बसलेले लोक ठरवत. आमच्या सतरंजीवर तर बघणारा आणि करणारा एकच असतो. पुस्तकात नियम कसाही छापलेला असो, टेबलावर तो जसा खेळला जातो तसाच खरा ठरतो. चांगल्या प्रकाशकाला हे माहीत असतं, म्हणून तो टेबलाकडे कान लावून असतो.

पहिली पायरी: आधी खेळा

सुरुवातीला काही विकत घेऊ नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम एसआरडी या नावाने फुकट मिळतात, आणि बरेच छोटे प्रकाशक आपल्या खेळाची थोड्या पानांची 'क्विकस्टार्ट' आवृत्ती फुकट देतात. चार जण जमवा, एकाला गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा, करा, एका बैठकीत संपणारं साहस, म्हणजे खेळायची तयार गोष्ट, घ्या आणि शेवटपर्यंत न्या. नुसतं वाचून दिलेलं मत प्रकाशकाच्या फारसं कामाचं नसतं. कागदावर किचकट वाटणारा नियम फासे हातात घेतल्यावर सरळ चालतो, आणि वाचताना छान वाटलेला नियम दहाव्या मिनिटाला खेळ अडवतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की न खेळता मत द्यायचं नाही असा आमच्याकडे नियमच केलाय.

दुसरी पायरी: वही

सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्या. साधी शंभर पानी वही पुरते. लिहायचं काम गेम मास्टरकडे देऊ नका, त्याला मान वर करायला वेळ नसतो. दर शनिवारी वेगळ्याने लिहावं आणि शक्यतो सगळ्यांत नव्या माणसाने.

वर तारीख, किती जण होते, त्यातले किती जण पहिल्यांदा खेळत होते, कोणत्या पुस्तकाचा किंवा मसुद्याचा कोणता भाग, पात्रं कितव्या पातळीची, म्हणजे खेळात किती मुरलेली. मग जिथे खेळ थांबला तिथे तीन गोष्टी: पान क्रमांक, किती मिनिटं गेली, आणि शेवटी आपण काय गृहीत धरून पुढे गेलो. ही तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तीच आहे. लेखकाच्या मनात एक अर्थ असतो आणि पाच अनोळखी माणसं एकमताने भलताच अर्थ लावतात. तो भलता अर्थ कोणता, हे त्याला दुसऱ्या कुठल्याच वाटेने कळत नाही.

"लढाई रटाळ झाली" हे लिहून उपयोग नाही. "तिसऱ्या पातळीची चार पात्रं, समोर सहा गोब्लिन, पन्नास मिनिटं लागली, त्यातली वीस मिनिटं लपण्याचा नियम शोधण्यात गेली, शेवटी लपलेल्यावर पहिला वार करता येत नाही असं धरून चाललो" हे लिहा. मिरजेला दवाखान्यात गेल्यावर आपण कुठे दुखतं, केव्हापासून आणि काय खाल्ल्यावर, ते सांगतो. गोळी कोणती द्यायची ते डॉक्टर बघतात. इथेही आधी दुखणं नीट सांगायचं. उपाय सुचला असेल तर तो वेगळ्या ओळीत, खाली.

याचं महत्त्व मला पटलं ते स्वतः लिहायला बसलो तेव्हा. हरिपूरला हळद साठवायची जुनी पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड, आत मोठी पोकळी. तिथे साहस घडवायचं असं आम्ही ठरवलं. मी पहिल्या पानावर लिहिलं, "पात्रं पेवाच्या तोंडाशी पोचतात." पुढचं सगळं मला उघड वाटत होतं. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय की बंद पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं, आत हवा कोंडलेली असते, आधी कंदील सोडून तो तेवतो का ते बघायचं. त्यावर मी पहिला मोठा धोका बेतला होता. साताऱ्याहून आलेल्या तिघा पाहुण्यांना ते खेळायला दिलं आणि मी बाजूला बसलो, तोंड न उघडण्याच्या अटीवर. त्यांना पेव म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तिघं सरळ दोर सोडून उतरले आणि दहा मिनिटांत तिन्ही पात्रं बेशुद्ध. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक पानावर होती, आणि मी तिथे बोलायला असतो तर ती कधीच सापडली नसती. लेखकाने गप्प बसायचं किंवा तिथे असायचंच नाही, अशा चाचणीला ब्लाइंड प्लेटेस्ट म्हणतात.

तिसरी पायरी: प्लेटेस्ट आणि सर्व्हे

मोठे प्रकाशक नवी आवृत्ती काढण्याआधी मसुदा लोकांपुढे ठेवतात. यामागे एक धडा आहे. २००८ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने डंजन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती आणली. ती फार बदललेली होती, आणि त्या नियमांवर पुस्तकं काढण्यासाठी इतर प्रकाशकांना दिलेलं लायसन्सही आधीपेक्षा जाचक होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये पायझो या कंपनीने जुन्या, साडेतीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आवृत्तीवर बेतलेल्या पाथफाइंडरचा कच्चा मसुदा फुकट वाटला आणि खेळाडूंकडून सूचना मागवल्या. ऑगस्ट २००९ मध्ये पक्कं पुस्तक आलं, तेव्हा त्याचा ग्राहक आधीच तयार होता. वर्षभर ज्यांनी त्यातल्या चुका दाखवल्या होत्या तेच ते विकत घ्यायला उभे होते.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी विझर्ड्सनेही तीच वाट धरली. मे २०१२ मध्ये खुली प्लेटेस्ट सुरू झाली, १ लाख ७५ हजारांहून जास्त लोकांनी तीत भाग घेतला, आणि पुस्तकं २०१४ मध्ये आली. पुढे २०२४ च्या सुधारित नियमांसाठी ऑगस्ट २०२२ पासून एकामागून एक मसुदे निघाले. पहिल्याच मसुद्यात वीस बाजूंच्या फाशावर वीस पडल्यावर मिळणारा दुप्पट फाशांचा मार राक्षसांकडून काढून घेतला होता. लोकांना ते रुचलं नाही आणि तो बदल मागे घेतला गेला. वॉरलॉक या पात्रप्रकाराची खास जादूची पद्धत बदलून इतरांसारखी करायचा प्रयत्न झाला, तोही नापसंत ठरला आणि जुनी पद्धत परत आली. आज २०२४ चं पुस्तक उघडलं तर या दोन्ही जागी खेळाडूंच्या हाताच्या खुणा आहेत.

तुम्ही काय करायचं? मसुदा आला की तारीख बघा. सर्व्हे सहसा काही दिवसांनी उघडतो आणि थोडेच आठवडे खुला राहतो. आम्ही पहिला शनिवार वाचायला, पुढचे दोन खेळायला आणि चौथा वही समोर ठेवून सर्व्हे भरायला देतो. प्रत्येकाने आपला वेगळा भरायचा. पाच जणांचं एक मत करून पाठवलं की काकूंचा प्रश्न त्यात बुडून जातो.

गुण द्यायचे चौकोन सगळेच भरतात. त्यावरून प्रकाशकाला कळतं की नियम राहील की जाईल. तो कसा दुरुस्त करायचा, ते कळतं खालच्या मोकळ्या जागेतून. तिथे पहिलं वाक्य आपण कोण ते सांगणारं असू द्या: "आम्ही पाच जण, तीन नवे, इंग्रजी ही कुणाचीच घरची भाषा नाही, दोन बैठका खेळलो." इंग्रजी मोडकीतोडकी असली तरी बिलकूल संकोच करू नका. इंग्रजी घरची भाषा नसलेल्याला जे वाक्य दोनदा वाचावं लागतं, ते बहुतेक वेळा कुणासाठीही सोपं करण्याजोगं असतं. न आवडलेल्याबरोबर आवडलेलंही लिहा. चांगल्या नियमाच्या बाजूने कुणी बोललंच नाही, तर तोही कापला जातो.

चौथी पायरी: पैसे कुठे टाकता

पैसा हेही मतच आहे. किकस्टार्टरसारख्या ठिकाणी पुस्तक छापण्याआधीच वाचक पैसे भरतात, त्यामुळे किती प्रती छापायच्या, कापडी बांधणी परवडेल का, पुरवणी काढायची का, हे त्या आकड्यावर ठरतं. २०२१ मध्ये मॅग्पाय गेम्सच्या अवतार लेजेंड्स या खेळाला ८१ हजारांहून जास्त लोकांनी मिळून सुमारे ९५ लाख डॉलर्स दिले.

पण चाहत्यांच्या उत्साहाने प्रकाशक खड्ड्यातही जातो. केऑसियम ही कॉल ऑफ कथुलू हा खेळ १९८१ पासून काढणारी जुनी, मानाची कंपनी. २०१३ मध्ये सातव्या आवृत्तीसाठी तिने लोकांकडून पैसे उभे केले, आणि आकडा वाढेल तशी नवनवी जादा बक्षिसं कबूल करत गेली. छपाई आणि टपालाचा खर्च हाताबाहेर गेला, पुस्तकं रखडली, कंपनी बुडायच्या बेताला आली. २०१५ मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड आणि खेळाचे मूळ लेखक सँडी पीटरसन यांना परत येऊन कारभारात बदल करावा लागला. तेव्हा "अजून एक नकाशा द्या, अजून एक पुस्तिका द्या" असा आग्रह धरण्याआधी थांबा. आपल्याला आवडणारं घर टिकावं असं वाटत असेल, तर त्याच्याकडून वाजवीच मागावं.

सांगलीतून पैसे भरताना आधी पीडीएफचा पर्याय घ्या. छापील पुस्तकाला टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी लागून किंमत कुठल्या कुठे जाते, आणि सांगितलेली तारीख पाळली जाईलच असं नाही. हे पैसे म्हणजे दुकानातली खरेदी नव्हे, अजून तयार न झालेल्या कामावर टाकलेला विश्वास आहे. तेवढेच टाका.

पाचवी पायरी: लायसन्स वाचायला शिका

हा भाग रुक्ष वाटेल, पण खेळाडूंनी प्रकाशकाचा निर्णय फिरवल्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण इथलंच आहे. २००० मध्ये विझर्ड्सने ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, आणलं. त्यामुळे मूळ नियमांवर बेतलेली पुस्तकं कुणीही काढून विकू शकत होता. शेकडो छोट्या प्रकाशकांची चूल त्यावर पेटत होती. जानेवारी २०२३ मध्ये नव्या लायसन्सचा मसुदा फुटला. जुनं लायसन्स रद्द ठरवायचं, आणि वर्षाला साडेसात लाख डॉलर्सच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायची, असं त्यात होतं. नफ्यावर नव्हे, उत्पन्नावर. छपाईचा खर्च वजा जाता ज्याच्या हातात थोडंच उरतं, त्याच्यासाठी हे धंदा बंद करण्यासारखं होतं.

मग जे झालं त्याचा क्रम नीट पाहा. खुल्या पत्रावर हजारोंनी सह्या केल्या. लोकांनी कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद केली. १२ जानेवारीला पायझोने कुणा एका कंपनीच्या मालकीचं नसेल असं ओआरसी नावाचं नवं लायसन्स जाहीर केलं, आणि तिच्या पाथफाइंडर नियमपुस्तकाचा आठ महिन्यांचा साठा दोन आठवड्यांत संपला. विझर्ड्सने सुधारित मसुदा आणला, पण जुनं लायसन्स रद्द करण्याचा हट्ट सोडला नव्हता. त्या मसुद्यावर सर्व्हे ठेवला तेव्हा १५ हजारांहून जास्त लोकांनी तो भरला, आणि ८८ टक्क्यांनी सांगितलं की या लायसन्सखाली आम्ही काही प्रकाशित करणार नाही. सर्व्हेची मुदत संपायची वाटही कंपनीने पाहिली नाही. २७ जानेवारीला जुनं लायसन्स जसंच्या तसं राहील असं जाहीर झालं, आणि एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय देऊन कुणालाही वापरू देणाऱ्या लायसन्सखाली खुला केला. तो आता कुणाला मागे घेता येत नाही.

माझं म्हणणं असं की नुसत्या संतापाने हे झालं नसतं. संतापानंतर आलेला सुधारित मसुदा अर्धवटच होता. ग्राहक पैसे थांबवतोय, प्रकाशक दुसरीकडे घर बांधतोय आणि हजारो माणसं सर्व्हेत मुद्देसूद उत्तर देतायत, या तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात जुळून आल्या. सर्व्हे भरणारे एरवी कुणाला दिसत नाहीत. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

सहावी पायरी: तक्रार करताना

नेमकेपणा आणि माणुसकी, दोन्ही ठेवा. ऑगस्ट २०२३ मध्ये विझर्ड्सच्या महाकाय जीवांवरच्या एका नव्या पुस्तकातल्या काही चित्रांत एआयचा हात असल्याचं वाचकांच्या लक्षात आलं. त्यांनी कोणतं चित्र, त्यातला पाय कुठे विचित्र झालाय, हे दाखवून विचारलं. कंपनीने ते मान्य केलं आणि कलाकारांसाठीच्या सूचना बदलल्या. एखाद्या कलाकाराच्या किंवा डिझायनरच्या मागे हात धुऊन लागण्याची गरज नसते, आणि तसं कुणी करत असेल तर त्यात सामील होऊ नका. पुस्तकावर नाव असलेल्या माणसाकडे किमतीचा, छपाईचा किंवा लायसन्सचा निर्णय बहुधा नसतोच.

सातवी पायरी: मराठीत लिहा

क्रिएटिव्ह कॉमन्समुळे एसआरडीचं मराठी भाषांतर करायला, त्यावर साहस लिहायला आणि ते विकायलाही परवानगी आहे. त्यातच दिलेलं श्रेयाचं वाक्य छापायचं, आणि एसआरडीत नसलेली पात्रं, चित्रं, बोधचिन्हं वापरायची नाहीत. २०२३ मध्येच एसआरडी फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये अधिकृतपणे आला. मराठी त्यात नाही. कुणी मागितल्याशिवाय आणि कुणी करून दाखवल्याशिवाय ती येणारही नाही.

आपल्याकडच्या गोष्टींना जागा नाही असं समजू नका. २०२२ मध्ये आलेल्या जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल या संग्रहाचे एक प्रमुख भारतीय वंशाचे अजित जॉर्ज होते, आणि त्यात कोलकात्याच्या मिमी मोंडल यांनी बंगालच्या मातीतलं साहस लिहिलं. कृष्णाकाठाला माझ्या माहितीत अजून कुणी हात लावलेला नाही. पूर, घाट, गुऱ्हाळं, मिरजेत सतारीचा भोपळा कोरणारे कारागीर, सगळं आपल्याला बघून माहीत आहे.

आठ-दहा पानांपासून सुरुवात करा. छापण्याआधी अनोळखी गटाला द्या आणि तुम्ही तिथे जाऊ नका. आमचं पेवाचं साहस दुसऱ्यांदा लिहून कराडच्या एका गटाकडे पाठवलं. या वेळी पेव म्हणजे काय ते पहिल्याच पानावर चित्रासकट होतं, आणि त्यांनी उतरण्याआधी कंदील सोडला. गेल्या आठवड्यात त्यांचे चार कागद परत आले. पहिलीच ओळ आहे: "कंदील विझला. आता आम्ही किती वेळ थांबायचं, ते पान ३ वर नाही." पान ३ या शनिवारी पुन्हा लिहायला घेतोय, आणि वही काकूंकडे आहे.